जुनी अमेरिकन गाणी तीन मिनिटांत का आटपतात?

1960च्या आसपासची अमेरिकन गाणी तीन मिनिटांच्या आत संपतात आणि दशक सरता सरता एकदम लांबतात, ते का, असं तुम्ही विचारलंय. आधी दोष तबकडीचा होता. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. 1949 मध्ये 45 फेऱ्यांची तबकडी आली, तिच्यावर जास्त मावायचं. तरी गाणी आखूडच राहिली, ती रेडिओमुळे.

ओमाहा शहरातल्या रेडिओ स्टेशनच्या टॉड स्टॉर्झने पन्नासच्या दशकात 'टॉप 40' ही पद्धत रुजवली. खपणारी मोजकी गाणी निवडायची आणि दिवसभर तीच फिरवायची. गाणी जितकी छोटी, तितकी तासाला जास्त बसतात आणि जाहिरातींनाही जागा उरते. त्यामुळे तबकडीच्या लेबलवर छापलेली वेळ बघूनच डीजे लांब गाणं बाजूला ठेवत. निर्माता फिल स्पेक्टरने 1964 मध्ये यावर सरळ लबाडी केली. रायचस ब्रदर्स या गायकजोडीचं 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' पावणेचार मिनिटांचं, लेबलवर छापलं 3:05. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं! द डोअर्स या रॉक बँडचं सात मिनिटांचं 'लाइट माय फायर' मात्र 1967 मध्ये मधलं वादन कापून तीन मिनिटांत बसवावं लागलं.

त्याच वर्षी सरकारी नियम लागू झाला: मोठ्या शहरांत ज्यांची एएम (तेव्हाची जास्त ऐकली जाणारी रेडिओ लहर) आणि एफएम अशी दोन्ही स्टेशनं, त्यांनी एएमचाच कार्यक्रम एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ वाजवायचा नाही. एफएमला तेव्हा फारसे श्रोतेही नव्हते आणि जाहिरातीही. म्हणजे प्रसारणाचा वेळ रिकामा, तो भरायचा कशाने? सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स या एफएम स्टेशनवर टॉम डोनाह्यू, जो स्वतः टॉप 40चाच डीजे होता, अल्बममधली लांबलचक गाणी सलग लावू लागला. असं ऐकणारे लोक आहेत हे कळल्यावर रॉकवाल्यांचा हात मोकळा झाला.

पण ते मोकळेपण फार टिकलं नाही. सत्तरच्या दशकात ली अब्रॅम्ससारखे सल्लागार श्रोत्यांचे सर्व्हे घेऊन एफएमचीही यादी ठरवू लागले. लांबी चालत होती, पण यादीत आता बहुतेक गोऱ्यांचेच बँड. मला हा भाग लांबीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कृष्णवर्णीय संगीताची वाट मग वेगळीच झाली. 1976 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर या रेडिओ स्टेशनवर मेल्विन लिंडसी रात्री संथ सोल (कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीची) गाणी लावू लागला. गायक स्मोकी रॉबिन्सनच्या गाण्यावरून त्या कार्यक्रमाला 'क्वाएट स्टॉर्म' नाव मिळालं आणि इतर शहरांतल्या स्टेशनांनी तो साचा उचलला. ल्यूथर व्हँड्रॉस, अनिता बेकर यांची गाणी घरोघरी पोचली ती मुख्यतः अशा रात्रीच्या कार्यक्रमांतून.