कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवायचं असेल, तर आधी सिनेटच्या बैठकीला जाऊन बसा

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडच्या एका कॉलेजात अनेक वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) गणित शिकवताय, एम.एस्सी. आणि सेट झालंय, आणि मिस्टरांची कंपनी त्यांना सॅन होजेला पाठवतेय. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवता येईल का, नोकरी कितपत टिकते, आणि शिक्षकाच्या मताला तिथे काही किंमत असते का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिसरा तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मी सुरुवात त्याच्यापासूनच करते. पहिल्या दोघांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात. मी बे एरियातल्या, म्हणजे सॅन होजे ज्यात येतं त्याच भागातल्या, एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते आणि आमच्या विभागाची प्रतिनिधी म्हणून अकॅडमिक सिनेटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या शिक्षक-प्रतिनिधींच्या सभेत, काम केलंय, तेव्हा सांगते ते आतून पाहिलेलं आहे.

आधी एवढं लक्षात घ्या की ही आपल्याकडची ज्युनिअर कॉलेजं नव्हेत. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ जिल्ह्यांत विभागलेली. हे जिल्हे महसुली नव्हेत, फक्त कॉलेजांसाठीचे. प्रत्येकाचं लोकांनी निवडून दिलेलं विश्वस्त मंडळ असतं. विद्यार्थी वीस लाखांच्या आसपास. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये ठरलं की शिकून फायदा होईल अशा कुणालाही इथे प्रवेश मिळेल. त्यामुळे एकाच वर्गात नुकती बारावी झालेली मुलगी, सैन्यातून परतलेला तिशीतला माणूस आणि दोन मुलांची आई असे सगळे शेजारी शेजारी बसतात. दोन वर्षांची पदवी, व्यवसायाचं प्रमाणपत्र किंवा पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया नाहीतर कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) ट्रान्सफर, यांतलं काहीतरी मनात धरून ते आलेले असतात.

आता शिक्षकाच्या मताबद्दल. तुमच्या कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून येतो आणि तुम्ही तो शिकवता. इथे 'कोर्स आउटलाइन' कॉलेजातल्या त्या विषयाच्या शिक्षकांनी लिहायची, करिक्युलम कमिटीने तपासायची आणि मग ती विश्वस्त मंडळापुढे जायची, अशी रीत आहे. त्यामागे कायदा आहे. १९८८ साली जॉन व्हॅस्कॉन्सेलॉस या आमदारांनी मांडलेलं एबी १७२५ हे विधेयक मंजूर झालं आणि गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी त्यावर सही केली. तोवर ही कॉलेजं शाळांच्या चौकटीत चालवली जायची, शिकवायला शाळेसारखं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, लागायचं. या कायद्याने ते काढून प्रत्येक विषयाची किमान पात्रता ठरवली आणि शैक्षणिक बाबतीत शिक्षकांच्या सिनेटला अधिकृत जागा दिली. त्यापुढच्या नियमांत सिनेटच्या अखत्यारीतले दहा विषय नावानिशी नोंदवलेत: अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकनाचं धोरण, नवे अभ्यासक्रम आखणं, विद्यार्थ्यांच्या तयारीचे निकष, कॉलेजला मान्यता देणाऱ्या मूल्यांकनातला शिक्षकांचा वाटा, अंदाजपत्रकाची प्रक्रिया वगैरे. अकरावी जागा परस्पर संमतीने ठरणाऱ्या इतर बाबींसाठी. सगळे याला 'टेन प्लस वन' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात हा शब्द कानावर पडेल. या विषयांत विश्वस्त मंडळाने एकतर मुख्यतः सिनेटच्या सल्ल्यावर विसंबायचं किंवा सिनेटशी सहमतीने ठरवायचं. कुठल्या विषयाला कुठली पद्धत, हे मंडळाच्या धोरणात लिहिलेलं असतं आणि ते कुणालाही वाचता येतं.

सिनेट आणि युनियन यांची गल्लत करू नका. पगार, तासांचा भार, रजा, तक्रारी हे युनियनचं काम, १९७५ च्या रॉडा कायद्याने दिलेलं. आपल्याकडे एमफुक्टो ही प्राध्यापकांची संघटना पगाराबद्दलही बोलते आणि शैक्षणिक धोरणाबद्दलही, म्हणून सुरुवातीला गोंधळ होतो. इथे वर्गात पस्तीस विद्यार्थी बसवायचे की चाळीस, हा प्रश्न दोघांच्या सीमेवर येतो आणि त्यावर दोघांनाही एकत्र बसावं लागतं.

इथपर्यंत चित्र सुरेख दिसतं. पण कॉलेजांना पैसा मुख्यतः सॅक्रामेंटोतून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून येतो. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने स्थानिक मालमत्ता करावर मर्यादा आली आणि तिजोरीच्या किल्ल्या राज्याकडे गेल्या. किल्ल्यांपाठोपाठ कायदेही आले. गणिताच्या शिक्षिकेने हा भाग नीट समजून घ्यावा, कारण गेल्या काही वर्षांतले सगळ्यांत मोठे बदल आपल्याच विषयात झालेत.

पूर्वी नवा विद्यार्थी आला की त्याची प्लेसमेंट परीक्षा व्हायची. कमी गुण मिळाले की त्याला अंकगणित, प्राथमिक बीजगणित, इंटरमीडिएट बीजगणित अशा पायऱ्यांवर बसवायचे. या वर्गांचे गुण ट्रान्सफरला धरत नसत. तीन-चार सत्रांची ही शिडी चढता चढता बहुतेक जण मध्येच गळून जायचे, आणि त्यांत काळी आणि लॅटिनो मुलं सर्वाधिक. २०१७ चा एबी ७०५ आला तो यावर. ट्रान्सफर पातळीचं गणित आणि इंग्रजी विद्यार्थ्याला एका वर्षात पुरं करता येण्याची शक्यता जास्तीत जास्त होईल अशीच प्लेसमेंट करा, आणि त्यासाठी परीक्षेऐवजी हायस्कूलचे गुण पाहा, असं हा कायदा सांगतो. २०१९ च्या फॉल (शरद ऋतूतल्या) सत्रापासून तो पूर्ण लागू झाला. विद्यार्थी आता थेट सांख्यिकी किंवा कॉलेज बीजगणितात बसतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना जोडीला कोरिक्विझिट म्हणून मदतीचा वर्ग असतो. २०२२ च्या एबी १७०५ ने ही पकड आणखी घट्ट केली. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी २०२५ च्या फॉलपासून कॅल्क्युलसच्या आधी प्रीकॅल्क्युलससारखे कोर्स कुणाला आणि किती लावायचे यावर कडक अटी आल्या.

माझं मत स्पष्ट सांगते. शिडी मोडली हे योग्यच झालं. त्या वर्गांत आम्ही मनापासून शिकवत होतो, पण हुशार माणसं "मला गणित येत नाही" असा शिक्का घेऊन घरी जात होती, आणि तो शिक्का आमच्याच व्यवस्थेने मारलेला होता. एबी १७०५ च्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. पंधरा वर्षं शाळेपासून दूर राहिलेली, त्रिकोणमिती कधीच न शिकलेली बाई इंजिनिअर व्हायला आली आणि म्हणाली की मला एक सत्र आधी पाया पक्का करू द्या, तर तो निर्णय तिचा आणि तिच्या शिक्षकाचा असावा. हायस्कूलच्या ताज्या गुणांवर उभारलेला नियम तिला लावताना माझा जीव तुटतो. राज्यभरच्या गणित शिक्षकांनी हेच मुद्दे सुनावण्यांत मांडले, ठराव केले, आणि अंमलबजावणीच्या सूचनांमध्ये थोडी मोकळीक मिळालीही. पण कायदा कायदाच राहिला. तुम्ही इथे शिकवायला लागाल तेव्हा कोरिक्विझिटचा वर्ग तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता मोठी आहे. त्यात काम भरपूर असतं, पण सीएचबीवर मिश्र तयारीची मुलं सांभाळलेल्या माणसाला ते जमतं.

ठराव म्हणजे काय तेही सांगते. प्रत्येक कॉलेजच्या सिनेटचा एक प्रतिनिधी वर्षातून दोनदा, फॉल आणि स्प्रिंगमध्ये, राज्याच्या अकॅडमिक सिनेटच्या अधिवेशनाला जातो. त्याआधी विभागवार बैठका होतात. बे एरिया 'एरिया बी'मध्ये मोडतो. तिथे ठराव लिहायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, मग अधिवेशनात माइकपुढे उभं राहून बाजूने किंवा विरुद्ध बोलायचं आणि मतदान. जे मंजूर होतं ती राज्यातल्या शिक्षकांची अधिकृत भूमिका. ती घेऊन पदाधिकारी राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सशी आणि चॅन्सेलर कार्यालयाशी बोलतात. सध्याच्या चॅन्सेलर सोन्या क्रिश्चन २०२३ मध्ये त्या पदावर आल्या. त्या मूळच्या केरळच्या, तिथेच पदवी घेतलेल्या, आणि १९९१ मध्ये बेकर्सफील्ड कॉलेजात गणिताच्या शिक्षिका म्हणून त्यांनी सुरुवात केली. तुमच्यासारखीला हे ऐकून बळ यावं म्हणून मुद्दाम सांगितलं.

कायदे करताना आमदार कधी शिक्षकांना जागा ठेवतात, पण घड्याळ लावून. २०२१ च्या एबी ९२८ ने सांगितलं की दोन्ही विद्यापीठांत जाण्यासाठी सामान्य शिक्षणाचा, म्हणजे सगळ्याच शाखांना लागणाऱ्या पायाभूत कोर्सचा, एकच मार्ग हवा. तो मार्ग तिन्ही व्यवस्थांच्या सिनेटांनी मिळून ३१ मे २०२३ पर्यंत ठरवायचा, नाहीतर प्रशासन ठरवेल. सिनेटांनी तो वेळेत ठरवला. त्यालाच कॅल-गेट्सी म्हणतात, ३४ युनिटांचा (क्रेडिटांचा), २०२५ च्या फॉलपासून लागू. त्यात कॅल स्टेटची 'आजीवन शिक्षण' ही जागा गेली आणि समुपदेशन, शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्यांचे वर्ग धोक्यात आले. तसाच एबी ११११, सर्व कॉलेजांत कोर्सना एकच क्रमांक देणारा. सांख्यिकी आता सगळीकडे 'स्टॅट सी १०००' म्हणून नोंदवली जाते. विद्यार्थ्याला एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना याने खरोखर सोय होते, पण तुमच्या विभागाला आउटलाइनमध्ये स्वतःचं काही घालायला पूर्वीइतकी मोकळी जागा उरत नाही.

आता नोकरी. एबी १७२५ मध्येच ध्येय लिहिलेलं होतं की ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांनी करावं. बहुतेक जिल्हे अजून तिथे पोचलेले नाहीत. तुमची सुरुवात जवळजवळ नक्की अर्धवेळ होईल. एका जिल्ह्यात पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम अर्धवेळ शिक्षकाला देता येत नाही, म्हणून माणसं सकाळी सॅन होजेत, दुपारी फ्रीमाँटच्या ओलोनीत, संध्याकाळी क्युपर्टिनोच्या डी अँझात शिकवतात. त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. डी अँझा आणि फूटहिलला छोट्या सत्रांची क्वार्टर पद्धत आहे, बाकीच्यांना सेमिस्टर, त्यामुळे वेळापत्रक जुळवणं आणखी अवघड होतं. सीएचबीची असुरक्षितता तुम्हाला इथेही ओळखीची वाटेल: वर्ग भरला नाही तर रद्द. फरक एवढा की युनियनच्या करारात पुनर्नेमणुकीचा क्रम असतो, आणि २०२२ च्या अंदाजपत्रकात अर्धवेळ शिक्षकांच्या आरोग्य विम्यासाठी दरवर्षी २० कोटी डॉलरची तरतूद झाली. ती किती मिळेल हे जिल्ह्याच्या करारावर आहे, तेव्हा नेमणूक घेताना आधी तेच विचारा. पूर्णवेळ जागा मिळाली तर चार वर्षांचा प्रोबेशन आणि मग टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक. या जागांच्या जाहिराती साधारण हिवाळ्यात येतात आणि मुलाखतीत वर्ग घेऊन दाखवावा लागतो.

पात्रता तुमच्याकडे आहे असं दिसतं. गणितासाठी गणितातली मास्टर्स पुरते, बी.एड. लागत नाही, सेट-नेट मोजत नाहीत. अर्धवेळ आणि पूर्णवेळ दोघांनाही पात्रता तीच. परदेशी पदवीचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी. सगळ्या संस्था एकसारखी मोजत नाहीत, म्हणून विषयवार अहवाल मागा. तो कमी पडला तर 'इक्विव्हॅलन्सी'चा अर्ज असतो, पण एका जिल्ह्याने दिलेली समतुल्यता दुसऱ्याला बंधनकारक नसते.

व्हिसाबाबत स्पष्ट व्हा. मिस्टर एल-१ वर येत असतील तर एल-२ जोडीदार म्हणून तुम्हाला काम करता येतं. एच-१बी असेल तर एच-४ वर, साधारणपणे त्यांचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर होऊन तुम्हाला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळेपर्यंत, एक तासही शिकवता येणार नाही. कॉलेज अर्धवेळ शिक्षकाला व्हिसा स्पॉन्सर करेल ही आशा धरू नका.

पण परवाना येईपर्यंत घरी बसून राहायचं कारण नाही. सिनेटच्या बैठकांना ब्राउन कायदा लागू आहे: विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर, बैठक खुली, आणि बोलायलाही कुणालाही थोडा वेळ. तीन-चार कॉलेजांच्या बैठकांना जा. गणिताच्या प्लेसमेंटवर कोण कसं बोलतं ते ऐका. डीनने आणलेला प्रस्ताव सिनेट परत पाठवू शकतो की नुसता मान हलवतो, हे दोन बैठकांत कळतं, आणि कुठे अर्ज करायचा हे तुम्हाला कुठल्याही संकेतस्थळापेक्षा त्यातून जास्त समजेल. काही सिनेटांत अर्धवेळ शिक्षकांसाठी राखीव जागा असते. नेमणूक झाली की तिची चौकशी करा, आणि रिकामी असेल तर घ्या.

निघण्याआधी विद्यापीठातून दोन्ही पदव्यांची गुणपत्रकं सीलबंद पाकिटांत, प्रत्येकी तीन-चार संच, आणि एम.एस्सी.चा त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम शिक्क्यानिशी घ्या. कॉलेजकडून शिकवलेले विषय आणि तास नोंदवलेलं अनुभवपत्र इंग्रजीत मागा. सीएचबीचं अनुभवपत्र द्यायला कार्यालयं टाळाटाळ करतात, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.