बँका विलीन झाल्या, निवृत्तांच्या संघटना एक कशा करायच्या?

सरकारी बँकांची विलीनीकरणं होऊन काही वर्षं झाली, तरी निवृत्तांच्या संघटना बहुतेक ठिकाणी जुन्याच नावांनी वेगवेगळ्या चालू आहेत. या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न त्याविषयीचेच होते. त्यातले चार निवडले आहेत.

प्रश्न (ठाणे): देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आमची निवृत्तांची संघटना आणि बडोदाच्या निवृत्तांची एक संघटना, दोन्ही सोसायटी म्हणून नोंदलेल्या आहेत आणि दोन्हींना एफ नंबर आहे. दोन्ही कार्यकारिणींनी एकत्र येण्याचा ठराव एकमताने केला. वकील म्हणतात, एवढ्याने भागत नाही. मग काय करायचं?

उत्तर: वकिलांचं बरोबर आहे. कार्यकारिणीने ठराव केला म्हणजे फक्त प्रस्ताव तयार झाला. पुढचा रस्ता सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ मधून जातो आणि दोन्ही संघटनांना तो आपापला, स्वतंत्रपणे चालावा लागतो.

प्रस्तावाचा लेखी अहवाल प्रत्येक सभासदाच्या हाती द्यायचा किंवा पोस्टाने पाठवायचा, आणि तोही विशेष सभेच्या दहा दिवस आधी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली पीडीएफ सोयीची असते, पण पुढे एखाद्या सभासदाने हरकत घेतली की ती टिकेल याचा भरवसा नाही. पोस्टाची पावती आणि पत्त्यांची यादी फाइलला लावून ठेवा. पहिल्या विशेष सभेत पाचातल्या तीन सभासदांची मतं बाजूने पडली पाहिजेत. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घ्यायची आणि तिथे हजर असलेल्यांपैकी तीन-पंचमांश मतांनी तोच ठराव कायम करायचा.

घोटाळा होतो तो पहिल्या सभेत. तीन-पंचमांश म्हणजे हजर असलेल्यांचे, असं समजून ठराव 'मंजूर' लिहिला जातो. पहिल्या सभेसाठी कायद्याने हिशेब एकूण सभासदांचा धरला आहे. ८४० सभासदांच्या संघटनेला ५०४ मतं लागतील, आणि निवृत्तांच्या सभेला दीडशे जण आले तरी हॉल भरला म्हणायची आपल्याकडे पद्धत! कायदा प्रॉक्सीला, म्हणजे गैरहजर सभासदाच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायला, परवानगी देतो, तिचा पुरेपूर उपयोग करा. अहवालासोबतच प्रॉक्सीचा छापील नमुना पाठवा. त्यात ठरावाचा मजकूर, सभेची तारीख, प्रॉक्सीचं नाव आणि सभासद क्रमांक असू द्या. कोरा सही केलेला कागद घेऊ नका.

त्याआधी सभासद यादी साफ करा, कारण दिवंगत सभासदांची नावं तशीच राहिली तर ५०४ चा आकडा विनाकारण फुगलेला असतो. मात्र 'ते गेले असं ऐकलं' म्हणून नाव काढता येत नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत किंवा कुटुंबाचं पत्र घ्या, कार्यकारिणीत ठराव करा, मग रजिस्टरात नोंद करा. कुटुंब निवृत्तिवेतनधारक भगिनींना मताचा अधिकार आहे की नाही, हेही आपापल्या घटनेत पाहून घ्या. बऱ्याच घटनांमध्ये त्या सहयोगी सभासद असतात, तसं असेल तर मतांच्या हिशेबात त्यांना धरायचं नाही.

आता धर्मादाय आयुक्तांकडचा भाग. एफ नंबर आहे म्हणजे तुमची सोसायटी सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली आहे. न्यासांच्या एकत्रीकरणासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ(२) खाली समाईक योजना मंजूर करून घ्यावी लागते. त्यात राजपत्रात नोटीस निघते, गरज वाटल्यास वर्तमानपत्रातही निघते, विश्वस्तांना आणि हितसंबंधितांना म्हणणं मांडायची संधी दिली जाते आणि मग योजना ठरते.

हा अर्ज अडकतो तो बहुधा जुन्या पापांमुळे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात तीन-तीन निवडणुका होतात आणि चेंज रिपोर्ट एकही गेलेला नसतो. मग कार्यालयाच्या रजिस्टरात दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष-चिटणीस असतात, त्यातले काही हयातही नसतात, आणि ठरावावर सही करणारे तुम्ही रेकॉर्डवर कोणीच नसता. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्ही संघटनांनी शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा, ताजा उतारा काढावा आणि त्यावरची नावं आजच्या कार्यकारिणीशी ताडून पाहावीत. राहिलेले बदल अहवाल विलंब माफीच्या अर्जासह आधी दाखल करा. लेखापरीक्षित हिशेब राहिले असतील तर तेही भरा. हे सगळं झाल्याशिवाय विशेष सभेची तारीख काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा एक रस्ता आहे आणि अनेकांना तो झेपतो. दोघींपैकी जिची कागदपत्रं स्वच्छ आहेत तिने आपल्या घटनेत सभासदत्वाची व्याख्या रुंदावायची. 'अमुक बँकेचे निवृत्त कर्मचारी' याच्या जागी 'अमुक बँकेचे आणि तिच्यात विलीन झालेल्या सर्व बँकांचे निवृत्त कर्मचारी' असं लिहायचं. दुसरीचे सभासद तिथे व्यक्तिशः दाखल होतात. जुनी संघटना नंतर कलम १३ खाली विसर्जित करायची. तिथेही तीन-पंचमांश सभासदांची अट आहेच, पण तोवर लोक एका छताखाली आलेले असतात आणि घाई उरत नाही. विसर्जनानंतर उरलेले पैसे सभासदांत वाटता येत नाहीत. कलम १४ प्रमाणे ते दुसऱ्या सोसायटीलाच द्यावे लागतात. दोन्ही बंद करून तिसरी नवी कोरी संघटना काढायच्या फंदात मात्र पडू नका. दोन विसर्जनं आणि एक नोंदणी असं तिप्पट काम होतं आणि नवा पॅन, नवं बँक खातं सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रश्न (नाशिक): आमच्या संघटनेत मृत्युसाहाय्य निधी आहे. प्रत्येक आजीव सभासदाने त्यासाठी वेगळे पैसे भरले आहेत. समोरच्या संघटनेत असा निधी नाही, पण त्यांच्या मुदत ठेवी मोठ्या आहेत. एकत्र येताना आमचा निधी बुडेल अशी सभासदांना भीती वाटते.

उत्तर: भीती रास्त आहे, पण निधी विलीनीकरणाने बुडण्याआधी स्वतःच्याच गणिताने बुडत नाही ना, ते पाहा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. ६०० सभासद, निधी नऊ लाख, सभासद वारल्यावर वारसाला ५,००० रुपये. म्हणजे वचन दिलं आहे तीस लाखांचं. सात टक्क्यांनी वर्षाला ६३,००० व्याज येतं, त्यात बारा जणांची रक्कम भागते. वर्षाला वीस सभासद गेले तर एक लाख लागतात आणि पहिल्याच वर्षी मुद्दलातून ३७,००० काढावे लागतात. पुढच्या वर्षी मुद्दल कमी, म्हणून व्याजही कमी. सभासदांचं सरासरी वय वाढत असताना ही घसरण थांबत नाही. तुमचे खरे आकडे घालून हे गणित कागदावर मांडा आणि दोन्ही कार्यकारिणींसमोर ठेवा.

मग निर्णय सोपा होतो. नव्या सभासदांसाठी हा निधी बंद करायचा. जुन्या सभासदांपुरता तो वेगळ्या खात्यात, वेगळ्या खतावणीत ठेवायचा आणि लाभार्थींची नावनिशी यादी समाईक योजनेला परिशिष्ट म्हणून जोडायची. रक्कम कमी करायची असेल किंवा एकदाच वाढीव वर्गणी घ्यायची असेल तर ती विलीनीकरणाआधी तुमच्याच सभेत ठरवा. नंतर ठरवलंत तर 'त्यांनी आमचे पैसे कापले' हे वाक्य दहा वर्षं ऐकावं लागेल.

समोरच्यांच्या ठेवी मुदतीआधी मोडू नका, दंडापोटी व्याज जातं. ठेवी जुन्या नावाने मुदत पूर्ण करू देत, तेवढी तरतूद योजनेत लिहा. ठेवींवरचं व्याज 'आपापसातलं', म्हणजे सभासदांचेच पैसे सभासदांकडे आले असं, म्हणून करमुक्त आहे असा काही खजिनदारांचा समज असतो. बँकेतल्या ठेवींच्या व्याजाला ते तत्त्व लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा बंगलोर क्लबच्या प्रकरणातला निकाल आहे. आणखी एक: आयकराची धर्मादाय नोंदणी असलेली संस्था तशी नोंदणी नसलेल्या संस्थेत विलीन झाली, तर साचलेल्या मालमत्तेवर सर्वोच्च दराने कर बसू शकतो. कोणी कोणात विलीन व्हायचं हे ठरवण्याआधी दोघींची नोंदणी सीएला दाखवा.

प्रश्न (पुणे): दोन्ही संघटना वेगवेगळ्या अखिल भारतीय महासंघांना जोडलेल्या आहेत. शिवाय एक अधिकाऱ्यांची आणि एक सगळ्यांची. एकत्र आलो तर पेन्शन अपडेशनचा प्रश्न तरी सुटेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी. अपडेशन, म्हणजे जुन्या निवृत्तांचं पेन्शन नव्या वेतनकरारांप्रमाणे वाढवणं, बँकेच्या पातळीवर सुटणारं नाही, ते भारतीय बँक संघ आणि सरकार यांच्या हातात आहे. २५ मे २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय कराराच्या (बँक संघ आणि युनियन यांच्यातल्या वेतनकराराच्या) वेळी बँक संघाने लेखी भूमिका घेतली होती की बँका आणि निवृत्त यांच्यात करारसंबंध नसतो, निवृत्तांच्या मागण्यांचा विचार कल्याणाचा भाग म्हणूनच होईल. तुमच्या दोन संघटना एक झाल्याने ती भूमिका हलेल, असं सभासदांना सांगून मतं मागू नका.

बँकेच्या पातळीवर मात्र एकीचा उपयोग रोकडा आहे. स्टाफ वेल्फेअर फंडातून निवृत्तांना मिळणाऱ्या सवलती, आरोग्य तपासणी, हॉलिडे होम, मेडिक्लेमचा हप्ता कापण्याची तारीख आणि पद्धत, हे सगळं मुख्य कार्यालयात एकाच टेबलावर ठरतं. तिथे दोन संघटनांची दोन परस्परविरोधी पत्रं गेली की दोन्ही बाजूला पडतात. यादी साफ करताना आणखी एक काम होऊन जाईल. १ एप्रिल २०२१ पासून कुटुंब निवृत्तिवेतन सरसकट शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के झालं आणि ९,२८४ रुपयांची जुनी कमाल मर्यादा गेली. विलीन बँकांच्या जुन्या नोंदी हलल्या तेव्हा एखादी फाइल मागे राहिलेली असू शकते. यादीसाठी फोन कराल तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनधारक भगिनीला पासबुकातली रक्कम आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर विचारा.

महासंघाचं म्हणाल, तर एआयबीआरएफ की एआयबीपीएआरसी (बँक निवृत्तांचे दोन अखिल भारतीय महासंघ) यावर सुरुवातीलाच भांडण काढू नये. संयोजन समिती करा, दोन्हीकडून समसमान प्रतिनिधी घ्या, आणि वर्षभर बँकेला जाणारं प्रत्येक पत्र दोन्ही चिटणिसांच्या सहीने जाऊ द्या. ते जमलं नाही तर विलीनीकरण जमणार नाही, आणि ते वर्षभरातच कळलेलं बरं. पहिल्या दोन वर्षांची कार्यकारिणीही समसमान ठेवा, अध्यक्षपद एकीकडे तर सरचिटणीसपद दुसरीकडे. संलग्नतेचा निर्णय त्या मुदतीनंतर गुप्त मतदानाने करावा, आणि ही तरतूद घटनेतच लिहून ठेवावी. तोंडी आश्वासनावर सोडू नये.

अधिकारी आणि कर्मचारी ही दरी दोन बँकांमधल्या दरीपेक्षा खोल असते, कारण निवृत्तांच्या संघटना मूळ युनियनच्या सावलीत वाढलेल्या असतात. म्हणून आधी एकाच विचारधारेच्या दोन संघटनांना जोडा, भले त्या वेगळ्या बँकांच्या असोत. संवर्गांची जोडणी त्यानंतर.

प्रश्न (मडगाव): मी कॉर्पोरेशन बँकेतून निवृत्त झालो. ती १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत आहे. गोव्यातली आमची छोटी सोसायटी मुंबईच्या संघटनेत विलीन करता येईल?

उत्तर: गोव्यात १८६० चा सोसायटी कायदा आहे, पण महाराष्ट्राचा विश्वस्त व्यवस्था कायदा तिथे लागू नाही. त्यामुळे समाईक योजनेचा रस्ता तुमच्यासाठी नाही आणि दोन राज्यांतल्या निबंधकांकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. मुंबईच्या संघटनेला तिच्या घटनेत 'गोवा शाखा' आणि शाखेला कार्यकारिणीवर एक जागा अशी दुरुस्ती करायला सांगा, तुमच्या सभासदांनी तिथे व्यक्तिशः सभासदत्व घ्यावं. मडगावची सोसायटी स्थानिक कामांपुरती चालू ठेवायला हरकत नाही. फक्त वर्गणीची पावती कोणाच्या नावाची फाडायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.