करप्याशी भांडणारे भाताचे एकवीस अक्षरी तुकडे

प्रश्न : मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलं, भातातले ‘सूक्ष्म आरएनए’ करप्याशी लढतात म्हणे. हे औषध आहे की जिवाणू? (शेतकरी, कर्जत)

दोन्ही नव्हे. रोपाच्या पेशीत जनुकाचा हुकूम आरएनएच्या लांब पट्टीवर उतरतो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. सूक्ष्म आरएनए म्हणजे २० ते २४ रासायनिक अक्षरांचा, बहुधा २१चा तुकडा. ‘डायसर’ नावाचं प्रथिन तो कापून काढतं, ‘आर्गोनॉट’ नावाचं दुसरं तो धरून ठेवतं आणि जुळणारा हुकूम सापडला की तोडून टाकतं. करपा घडवणाऱ्या बुरशीशी हातघाई नाही. घरातलाच एखादा हुकूम दाबायचा.

त्याने करपा कसा अडतो? ‘मिर-३९८बी’ हा असाच एक तुकडा घ्या. तो ‘सुपरऑक्साइड डिसम्यूटेज’ गटातल्या, म्हणजे पेशीतली ऑक्सिजनची जहाल रूपं हाताळणाऱ्या प्रथिनांचे हुकूम तोडतो. चीनमधल्या सिचुआन कृषी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की हा तुकडा वाढवलेल्या भातात बुरशी शिरते त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त साचतं आणि बुरशीची वाढ खुंटते. जखमेवर ओतल्यावर फेसाळतं ना, तेच हे. बुरशीही लेचीपेची नाही बरं. दवाच्या थेंबात तिचा बीजाणू रुजतो, पानावर काळपट घुमट बांधतो आणि मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तिसेक-चाळीसपट दाबाने पानाची साल फोडतो.

प्रश्न : मग हे तुकडे भरपूर असलेली जात काढली की झालं? (कृषीचा विद्यार्थी, दापोली)

नाही. ‘मिर-१६९’ नेमका उलट वागतो. तो वाढवला की भात करप्याला लवकर बळी पडतो. नकली हुकूम पुढे करून त्याला अडकवलं की रोप तग धरतं. सरसकट ‘रोगप्रतिकारक आरएनए’ म्हणणारे मथळे मला म्हणूनच पटत नाहीत. हे ब्रेक आहेत. कुठल्या चाकाला लागलेत, ते आधी बघावं लागतं.

सगळ्यांत गमतीचा ‘मिर-१५६’. तो ‘आयपीए-१’ या प्रथिनाला आवर घालतो. हे प्रथिन जास्त असलं की फुटवे कमी, पण लोंब्या भरघोस. २०१८ मध्ये कळलं, की करपा शिरताच या प्रथिनाला फॉस्फेट नावाचा रासायनिक गट चिकटतो आणि ते संरक्षणाची जनुकं चालू करतं. ४८ तासांच्या आत पुन्हा आपल्या मूळ कामावर हजर! उत्पन्न आणि प्रतिकार यांतलं एकच काहीतरी मिळतं, हा जुना समज इथे ढिला पडतो.

प्रश्न : आमच्याकडे पानं टोकाकडून, कडेने वाळतात. तिथेही हेच?

तो बहुधा कडा करपा. जिवाणूजन्य. नाव सारखं, रोग वेगळा.

प्रश्न : आरएनएची फवारणी दुकानात कधी येणार?

करप्यासाठी आज तरी नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा एका फवारणीला मान्यता मिळाली, पण ती बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी. उघडा आरएनए उन्हापावसात चटकन विरतो, आणि आषाढातला कोकणचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको.

तोवर युरिया एकदम ओतू नका, थोडा थोडा विभागून द्या. गर्द हिरवं, लुसलुशीत खाचर करप्याला फार आवडतं. लोंबी बाहेर पडायच्या आधी बांधावरून नव्हे, चिखलात उतरून पानं बघा. दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपका दिसला तर त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. तोच रोग लोंबीच्या मानेवर आला, की लोंबी पांढरी पडते आणि हाती पळिंज, म्हणजे पोकळ दाणे येतात.