आधी दोन तारखा सांग

बाळा,

तुझी मेल वाचली. नवऱ्याला अमेरिकेत आणायच्या अर्जाला लग्नाचे किती फोटो जोडू, हे तू तीनदा विचारलंयस. फोटोंचं नंतर बघू. तू ओझरतं लिहिलंयस की लग्न आणि ग्रीन कार्ड एकाच महिन्यात झालं. त्यातलं आधी काय झालं? कार्डाच्या पुढच्या बाजूला 'रेसिडेंट सिन्स' म्हणून तारीख छापलेली असते. ती आणि लग्नाच्या दाखल्यावरची, दोन्ही शेजारी ठेवून बघ.

लग्न एक दिवस जरी आधीचं निघालं, तरी सगळा रस्ताच बदलतो. तुझं कार्ड नोकरीवरचं आहे, त्यामुळे नवरा तुझ्या मागोमाग, तुझ्याच प्रायॉरिटी डेटवर, म्हणजे रांगेतल्या तुझ्याच तारखेवर, येऊ शकतो. याला 'फॉलोइंग टू जॉइन' म्हणतात. ती डेट व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे दर महिन्याला निघणाऱ्या रांगांच्या सरकारी तक्त्यात, मागे ढकलली गेलेली नसली की झालं. मग आय-१३०, म्हणजे जोडीदारासाठीचा नेहमीचा अर्ज, भरायची गरजच नाही; मागोमाग येणाऱ्यासाठीचा आय-८२४ भरायचा. पण कार्डाच्या अर्जात 'अविवाहित' लिहिलेलं असेल आणि लग्न झाल्यावर तू ते कळवलं नसशील, तर स्वतः काही न करता आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. लपवून पुढे जायचा विचारही नको.

लग्न नंतरचं असेल तर मात्र एफ-टू-ए ची, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांची, रांग. नागरिकाच्या जोडीदाराला कोटा नसतो, ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला असतो. या रांगेतला तुझा नंबर ठरतो तो आय-१३० यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनच्या सरकारी खात्याकडे, पोचतो त्या दिवशी. मंजुरी कधी का येईना. म्हणून पुरावे जमवत महिने घालवू नकोस. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या रांगेत थांबावंच लागत नव्हतं, व्हिसा बुलेटिनमध्ये तिथे तारखेऐवजी नुसता 'सी' (करंट) दिसायचा. 'भरू की सावकाश' म्हणणारे मी तेव्हा बघितलेत. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख एकदम सप्टेंबर २०२० वर जाऊन बसली, म्हणजे त्यानंतर अर्ज भरलेले सगळे अडकले.

घाई कर म्हणते, पण फॉर्म दोनदा वाच. माझं लग्न ५ ऑगस्टचं. मी हाताच्या सवयीने लिहिलं ०५/०८. अमेरिकेत महिना आधी, म्हणजे ते झालं ८ मे. दाखल्यावर ऑगस्ट, फॉर्मवर मे. खुलासा मागणारं पत्र आलं, त्याला उत्तर गेलं, आणि मधले चार महिने वाया. त्यावरून आम्ही दोघं फोनवर भांडलो, तेही मिनिटामिनिटाचे पैसे मोजत.

रांग किती भराभर सरकेल हे तुझ्या हातात नाही. नागरिकत्व मात्र आहे, आणि मला खरं सांगायचंय ते हेच. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो. शपथ झाली की तुझा तोच आय-१३० नागरिकाच्या जोडीदाराचा धरला जातो. नवा अर्ज नाही, फक्त प्रमाणपत्राची प्रत पाठवून कळवायचं. पण त्या पाच वर्षांतले निदान ३० महिने तू प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवीस, आणि एकाच खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तर सलग वास्तव्यावर प्रश्न येतो. तेव्हा त्याला भेटायला वर्षातून दोनदा जा, तीनदा जा, पण दर वेळी लवकर परत ये. गेल्याची आणि आल्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. पाच वर्षांनी पासपोर्टवरचे पुसट शिक्के भिंगातून वाचत बसणं काय असतं, ते मी भोगलंय.

'तोवर त्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावू का?' असंही तू विचारलंयस. अर्ज करायला बंदी नाही. पण त्याच्यासाठी इमिग्रंट अर्ज भरलाय का, हा प्रश्न त्या फॉर्मवर असतोच. खरं लिहिलं तर बहुधा नकार येईल. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं तर कायमच्या व्हिसावरही पाणी सोडावं लागेल. मी तरी यावर आशा ठेवणार नाही.

आय-८६४ वर, म्हणजे नवऱ्याचा खर्च उचलायच्या हमीपत्रावर, सही करताना जरा थांब. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं, ते तुझ्या पगाराला जड नाही. पण हा सरकारशी केलेला करार आहे. नवरा नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर ४० तिमाहींचं काम लागेपर्यंत, त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी तुझ्यावर. तो देश कायमचा सोडून गेला तर सुटते, घटस्फोटाने सुटत नाही. इतक्या लवकर हा शब्द काढला म्हणून रागावू नकोस. दोघांनी मिळून तो फॉर्म एकदा मोठ्याने वाचा, एवढंच.

आणि हो, आय-१३० च्या वाटेने, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो अमेरिकेत आला तर त्याला दोनच वर्षांचं कार्ड मिळेल. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ते कायमचं करायचा अर्ज, आय-७५१, भरायचा.

आता तुझे फोटो. लग्नातले चाळीस फोटो म्हणजे शेवटी एकाच दिवसाचे फोटो. त्यातले तीन-चार घे. बाकीचे वेगवेगळ्या भेटींतले, दोन्हीकडची माणसं असलेले, मागे कोण-कुठे-कधी लिहिलेले. सोबत तिकिटं आणि एकमेकांना पाठवलेल्या पैशांचे व्यवहार. डोळे मिटलेला फोटो असला तरी चालतो.

त्या दोन तारखा मला आज रात्रीच पाठव. महिना अक्षरात लिही.

तुझी,
मावशी