शत्रूच्या कैदेत सापडलेला सैनिक तिथून जिवंत कसा परततो?

अंगातला काटकपणा लागतोच. पण १९७१ च्या युद्धकैद्यांच्या हकिकती अनेक वर्षे वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अखेरीस कैद्याला तारते ती त्याच्या नावाची नोंद. तो आपल्या ताब्यात आहे हे पकडणाऱ्या देशाच्या एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने मान्य केलेले असले पाहिजे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले. पकडलो गेलो तर पळून येईन, असे त्यांनी युद्धाआधीच वरिष्ठांना सांगून ठेवले होते. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय वैमानिकांना सुरुवातीला एकेकट्याने कोंडले होते. नाताळच्या दिवशी छावणीप्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी त्यांना प्रथमच एकत्र आणले. पुढे बेत शिजला आणि भिंतीचा गिलावा खरवडून विटा सैल करण्याचा उद्योग पहारेकऱ्यांच्या नजरेआड चालू राहिला. युद्ध संपलेले असताना हा धोका कशाला पत्करायचा, असे विचारणारे आहेत. मला मात्र वाटते की, सुटकेची तारीख ठाऊक नसलेल्या माणसाला त्या भिंतीनेच उभारी दिली.

१३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटे, वादळाचा फायदा घेऊन, परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले आणि पेशावरमार्गे खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची हद्द आता हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला. नकाशावर ते रेल्वे स्थानक होते, पण तिथवरची गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती, त्यामुळे विचारणारे परके आहेत हे उघड झाले. बांगलादेश वेगळा झाल्यावर पाकिस्तानातून पळून चाललेले हे बंगाली असावेत, असा तहसील कचेरीतल्या माणसाला संशय आला आणि तिघे पकडले गेले. टोळ्यांच्या त्या मुलखात निनावी परक्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. परुळकरांनी प्रसंगावधान राखून उस्मान हमीद यांना फोन लावण्याची विनंती केली. हमीद तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे व्यक्तिगत साहाय्यक अधिकारी होते. हे आमचेच कैदी आहेत, असे त्यांनी सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले. पुढे लायलपूरच्या तुरुंगातून १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर कैद्यांबरोबर वाघामार्गे मायदेशी परतले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचेही विमान सुखोई-७ च होते आणि तेही त्याच डिसेंबरात, शोरकोटच्या हल्ल्यात पडले. त्यांच्या नावाशी जुळणारे नाव पकडलेल्या वैमानिकांमध्ये असल्याची बातमी पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आली होती, तरी ते आमच्या ताब्यात आहेत असे पाकिस्तानने कधीच कबूल केले नाही. बेपत्ता ५४ भारतीय सैनिकांच्या यादीत ते आहेत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, २००७ मध्ये इतर नातेवाइकांबरोबर पाकिस्तानातल्या तुरुंगांत त्यांचा शोध घेऊन आल्या. त्यांना ते सापडले नाहीत.