पंप साडेआठ हजारांचा, पॉलिसी लाखाची

प्रश्न : माझे वय 42 असून साताऱ्यात खासगी कंपनीत नोकरी आहे. हातात 58 हजार पगार येतो, घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुले आहेत. माझ्या 2014 च्या पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप महिनाभरापासून मागच्या सीटखालून सतत घूंऽऽ असा आवाज करतो. गॅरेजवाला पूर्ण पंप बदलायचे साडेआठ हजार सांगतो; नुसती मोटर बदलली तर दोन हजारांत भागेल, असेही म्हणतो. कामानिमित्त दर आठवड्याला पुण्याला जावे लागते. 2023 मध्ये ‘पाच वर्षांत दुप्पट’ असे ऐकून बँकेतून घेतलेल्या प्लॅनचा एक लाखाचा तिसरा हप्ता नुकताच क्रेडिट कार्डावरून भरल्यामुळे सध्या ओढाताण आहे. पेट्रोलही पाचशे-पाचशेचे टाकतो. कार्डाचे 95 हजार बाकी आहेत, पण किमान रक्कम वेळेवर भरतो. मुलीच्या शिक्षणासाठीच्या रिकरिंगमध्ये 60 हजार आहेत, ते मोडायचे नाहीत. गाडी दुरुस्त करावी, की सव्वा लाखाला एक्स्चेंजमध्ये देऊन नऊ लाखांची नवी घ्यावी? दोन वर्षांनी प्लॅनचे पैसे दुप्पट होऊन मिळतील, त्यातून कर्ज फिटेल. प्लॅनच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : पंप बदला, पूर्ण बदला आणि याच आठवड्यात बदला. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद येणारी गुणगुण सर्वसाधारण असते; गाडी चालू असेपर्यंत टिकणारा आणि महिनाभर ऐकू येणारा आवाज तशातला नव्हे. असा पंप एक दिवस खंबाटकी घाटाच्या चढावर, मागे ट्रक असताना बंद पडू शकतो, आणि झीज झालेल्या भागाचा खर्च गाडीचा विमा देत नाही. खर्चाला होकार देण्यापूर्वी मेकॅनिकला इंधनाचा दाब मोजायला, पंपापर्यंतचे वायरिंग आणि टाकीतली जाळी तपासायला सांगा. जाळी गाळाने तुंबली तरीही पंप ओरडतो. दोन हजारांच्या मोटरच्या नादी लागू नका, कारण ती बिघडली तर टाकी पुन्हा उघडण्याची मजुरी तुमच्याच माथी येईल. 2014 च्या गाड्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, तेव्हा टाकी उघडली असताना रबरी सील आणि पाइपही पाहून घ्यावेत.

गाडीची नोंदणी 2029 पर्यंत आहे. साडेआठ हजार रुपये तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला अडीचशेच्या आत येतात. नव्या गाडीसाठी साधारण पावणेआठ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास पडेल. 58 हजारांच्या पगारात आज पाचशेचे पेट्रोल भरावे लागत असताना हा हप्ता कोठून निघणार? नव्या गाडीचा विषय येथे संपवू या.

तुमच्या पत्रातली खरी चूक मात्र गाडीत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवते. पाचशे रुपयांत पाच लिटरही येत नाहीत. टाकी सतत रिझर्व्हवर राहिली की पंप तापतो आणि लवकर झिजतो. म्हणजे ज्या प्लॅनच्या भरवशावर तुम्ही नवी गाडी पाहत आहात, त्याच्याच हप्त्याने टाकी रिकामी ठेवली आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर ‘प्रीमियम भरण्याची मुदत : 10 वर्षे’ आणि लगेच खाली ‘पॉलिसीची मुदत : 20 वर्षे’ असे स्पष्ट छापले आहे, विमा रक्कम 10 लाख आहे. ही पाच वर्षांची ठेव नाही, ही एंडाउमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी आहे. दोन वर्षांनी दुप्पट तर सोडाच, काहीही मिळणार नाही. तेव्हा पाचवा हप्ता भरायची वेळ येईल. दुप्पट ज्या हिशेबाने होते तो असा : दहा वर्षांत दहा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी वीस लाख घ्यायचे. प्रत्येक रुपया सरासरी पंधरा वर्षे अडकतो, म्हणजे व्याजाचा दर पाच टक्क्यांपेक्षाही कमी पडतो. हेच दहा हप्ते सध्याच्या 7.1 टक्के दराने पीपीएफमध्ये भरून ठेवले, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या घरात जातात. बँकेच्या काउंटरवर बसून खातेदाराला हे ठेव म्हणून विकणाऱ्या माणसाबद्दल मला जराही सहानुभूती वाटत नाही.

आता कार्ड पाहू. किमान रक्कम भरल्याने केवळ विलंब शुल्क टळते. बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालूच राहते. 95 हजारांवर ते महिना 3,300 होते. दर अडीच महिन्यांनी तुम्ही एका नव्या पंपाची किंमत बँकेला देत आहात, आणि तेही साडेसहा-सात टक्के देणारे रिकरिंग शाबूत ठेवण्यासाठी. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडताना जिवावर येते, हे मी समजू शकतो. पण वर्षाला चाळीस टक्क्यांचे कर्ज चालू ठेवून ते पैसे राखले जात नाहीत. रिकरिंग आजच मोडा. त्यातून पंपाचे साडेआठ हजार द्या, उरलेल्यातले 50 हजार कार्डात भरा आणि कार्ड कपाटात ठेवा.

नंतर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि तिची प्रत बँकेलाही द्या. पाच वर्षांत दुप्पट असे सांगणारा एखादा व्हॉट्सॲप संदेश किंवा अधिकाऱ्याच्या अक्षरातला कागद असेल, तर तो जोडा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र सही केलेल्या कागदांवर खऱ्या मुदती छापलेल्या असल्याने सगळे पैसे परत मिळतील, अशी आशा धरून बसू नका.

तक्रार फेटाळली गेली तर पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे घ्या. 2023 च्या पॉलिसीला तीन हप्ते भरून तिसऱ्या वर्षात सरेंडर केल्यास हमीचे मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्के, म्हणजे 1 लाख 5 हजार मिळते. कंपनीकडून प्रत्यक्ष आकडा लेखी मागवा, तो अधिकही असू शकेल. दोन लाख बुडाले असे तुम्हाला वाटेल. पण पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर सतरा वर्षांनी तीन लाख आणि आतापर्यंतचा बोनस मिळणार, आणि आजचे 1 लाख 5 हजार सात टक्क्यांनी वाढले तरी तेव्हा सव्वातीन लाखांच्या पुढे जातात. शिवाय त्या पैशातून कार्डाचे उरलेले 45 हजार मिटतात आणि 60 हजार हाती राहतात. ते रिकरिंगच्या जागी ठेवा.

सरेंडरच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एक कोटीचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) तुमच्या हाती आलेला असला पाहिजे. दोन मुलांच्या बापाला दहा लाखांचा विमा पुरत नाही. तुमच्या वयाला, प्रकृती ठीक असल्यास, साठीपर्यंतच्या विम्याचा वार्षिक हप्ता वीस हजारांच्या आसपास बसावा. दरवर्षी प्लॅनला जाणाऱ्या लाखातले उरलेले ऐंशी हजार पहिली दोन वर्षे अडीअडचणीच्या निधीत जाऊ द्या. त्यानंतर मुलीच्या शिक्षणासाठी कोठे गुंतवावे ते पाहू. आणि चौथ्या हप्त्यासाठी कार्डावर ऑटो-डेबिट दिलेले असेल, तर ते बंद करण्याचा अर्ज आजच द्या, नाहीतर तक्रारीचे उत्तर येण्याआधीच लाखभर रुपये पुन्हा कार्डावर चढतील.