पाटे काढून कॉइलओव्हर बसवताना

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचा मागचा सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, आहे. पाटे थकले असल्यामुळे ते काढून कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची गुंडाळी स्प्रिंग यांचा एकत्र जोड) बसवण्याचा विचार आहे. मापे घेतली असता शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या मूळ ब्रॅकेटमध्येच ते बसतील असे दिसते. एवढे पुरेल का, आणि स्प्रिंग किती कडक घ्यावी?

उत्तर : एवढे मुळीच पुरणार नाही, आणि अशी गाडी रस्त्यावर आणू नये. पाटे गाडीचे वजन पेलतात. शिवाय अ‍ॅक्सलला पुढे-मागे किंवा आडवे सरकू न देणे आणि ब्रेक वा इंजिनाच्या जोराने त्याला स्वतःभोवती पिळू न देणे, हेही त्यांचेच काम असते. कॉइलओव्हर फक्त वजन पेलतो आणि हेलकावे शमवतो. म्हणून अ‍ॅक्सल धरून ठेवणाऱ्या लिंक (अ‍ॅक्सल व चासी यांना जोडणारे दांडे) आधी आखाव्यात : दोन्ही बाजूंना वर एक व खाली एक, आणि आडव्या दिशेसाठी पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक टोक अ‍ॅक्सलला व दुसरे चासीला जोडलेला आडवा दांडा. गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना हा रॉड जमिनीला समांतर असावा आणि जागा मिळेल तितका लांब असावा. रॉड ९०० मिलिमीटरचा असेल, तर अ‍ॅक्सल ५० मिलिमीटर वर गेल्यावर सुमारे १.४ मिलिमीटर बाजूला सरकतो. ५०० मिलिमीटरच्या रॉडने तेच सरकणे २.५ मिलिमीटर होते.

मूळ ब्रॅकेटबद्दल मी विशेष आग्रहाने सांगेन. ते केवळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा जोर सोसण्यासाठी बनवलेले असतात. आता मात्र मागच्या भागाचे सारे वजन, आणि खड्ड्यात त्याच्या कित्येक पट धक्का, तिथूनच वर जाणार आहे. त्यासाठी चासीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा मेंबर घालावा व वरचे ब्रॅकेट त्यावर घ्यावेत. गाडीला स्वतंत्र चासी नसेल, तर पातळ पत्र्यावर थेट वेल्डिंग करू नये, रुंद प्लेट देऊन भार पसरवावा. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार हवा.

आता स्प्रिंग. अ‍ॅक्सल आणि चाकांचे वजन वगळून एका मागच्या चाकावर २५० किलो येतात असे धरू. आरामशीर गाडीसाठी स्प्रिंगवर वर-खाली होण्याची सेकंदाला १.३ आंदोलने ठीक. त्या हिशेबाने चाकापाशी सुमारे १६.७ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा लागतो. कॉइलओव्हर उभ्या रेषेपासून २० अंश कलता असेल, तर त्याचा परिणाम कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने, म्हणजे ०.८८ पट, उरतो. तेव्हा स्प्रिंग १९ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी. ४५ अंशांना निम्माच कडकपणा हाती लागतो, म्हणून इतका कल टाळावा. कॉइलओव्हर चाकांच्या शक्य तितके जवळ असावेत. ते आत घेतले की वळणावर गाडी अधिक झुकते. पाट्यांच्या परस्पर घर्षणाने जे शमन होत होते तेही आता नाहीसे होईल, हे शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडताना ध्यानात घ्यावे.

पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी सर्व भाग वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर जोडून, स्प्रिंग न घालता, अ‍ॅक्सल जॅकने तळापासून माथ्यापर्यंत फिरवावा, आणि नंतर एकच चाक वर उचलून पाहावे. ब्रेकचा होज ताणतो का, सायलेन्सरचा पाइप आणि इंधनाची टाकी कुठे घासते का, प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही जोडांचे कोन सारखे राहतात का, हे तेव्हाच कळते.

प्रश्न : कॉइलओव्हरची कडी (स्प्रिंगला खालून आधार देणारे आट्यांचे कडे) फिरवून गाडी हवी तितकी खाली घेता येते का?

उत्तर : हवी तितकी नाही. कडी खाली घेतल्याने नेहमीच्या स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, पण चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागा तितकीच कमी होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची निम्म्याहून थोडी अधिक चाल दबण्यासाठी राखावी, आणि तो पूर्ण दबण्याआधी रबराचा बम्प स्टॉप (चाल अडवणारा ठोकळा) लागला पाहिजे. गाडी याहून खाली हवी असल्यास ब्रॅकेटची जागा बदलावी किंवा आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावा.